शेजाऱ्यांचे देव की घरचेच? प्राचीन इस्राएलच्या उपासनेबद्दल

तुमचा प्रश्न असा आहे: बायबलचा जुना करार वाचताना इस्राएल लोक दर थोड्या पानांनी शेजाऱ्यांच्या देवांच्या नादी लागलेले दिसतात. संदेष्टे संतापतात, एखादा राजा वेद्या फोडतो, पुढचा राजा त्या पुन्हा बांधतो. मग हे लोक मुळात एकाच देवाला मानणारे होते आणि वारंवार वाट चुकले, की त्यांचे देव पहिल्यापासूनच अनेक होते? अशेरा खरोखर त्यांच्या देवाची पत्नी होती का? आणि ‘दुसरा देवच नाही’ हे नेमकं कधी ठरलं?

आधी माझं मत सांगतो, मग पुरावे. ज्यांना बायबलमध्ये ‘परके देव’ म्हटलंय, त्यांतले बरेचसे परके नव्हतेच. ते त्या डोंगराळ भागातले, त्याच घरांतले, काही तर खुद्द यरुशलेमच्या मंदिरातले होते. त्यांना परकं ठरवण्याचं काम नंतर झालं, आणि ते करणाऱ्यांच्या हातूनच आपल्यापर्यंत ग्रंथ पोहोचला. मी प्राचीन पश्चिम आशियाचा इतिहास आणि हिब्रू-अरामी शिलालेख शिकवतो, आणि विद्यार्थ्यांना हा मुद्दा पहिल्याच तासाला सांगतो, कारण तो निसटला की पुढचं सगळं वाकडं दिसू लागतं.

नावाबद्दल एक खुलासा. मराठी बायबलमध्ये जिथे ‘परमेश्वर’ छापलेलं असतं, तिथे मूळ हिब्रूत बहुधा चार अक्षरांचं एक विशेषनाम असतं. श्रद्धाळू ज्यू ते उच्चारत नाहीत. इथे इतर देवांपासून वेगळं दाखवण्यापुरतं मी ‘याहवे’ असं लिहितो.

सुरुवात इस्राएलच्या सगळ्यात जुन्या उल्लेखापासून करू. इजिप्तचा राजा मेर्नेप्ताह याच्या विजयशिलेवर, इ.स.पू. १२०८च्या सुमारास, कनानमधल्या (आजच्या इस्राएल-पॅलेस्टाईनच्या परिसरातल्या) पराभूतांच्या यादीत ‘इस्राएल’ हे नाव येतं. त्या नावात जो देव आहे तो ‘एल’. याहवे त्यात नाही. एल हा कनानी देवमंडळाचा म्हातारा, दाढीवाला प्रमुख. सीरियाच्या किनाऱ्यावर रास शाम्रा इथे १९२९पासून झालेल्या उत्खननात उगारित हे शहर मिळालं आणि त्याच्या मातीच्या पाट्यांवर या देवांच्या कथा सापडल्या: एल, त्याची पत्नी अथिरात, तिची सत्तर मुलं, गडगडाट आणि पावसाचा देव बआल, त्याची बहीण अनत, समुद्रदेव याम आणि मृत्युदेव मोत. ही अथिरात म्हणजेच हिब्रूतली अशेरा. उगारित इ.स.पू. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला उद्ध्वस्त झालं, म्हणजे इस्राएलची छोटी खेडी डोंगरात उभी राहत होती त्याच सुमारास.

आता या पाट्या स्तोत्रसंहितेशेजारी ठेवून वाचा. बआलला ‘मेघांवर स्वार होणारा’ म्हणतात, तेच विशेषण ६८व्या स्तोत्रात याहवेला लागतं. वेटोळं घालणारा, पळणारा सर्प लिव्याथान याला मारल्याचं उगारितमध्ये बआलच्या संदर्भात येतं, आणि यशयाच्या २७व्या अध्यायात जवळजवळ त्याच शब्दांत याहवे त्याला मारणार आहे. २९व्या स्तोत्रातला गडगडाट, देवदार मोडणारा आवाज, लबानोनचे थरथरणारे डोंगर हे सगळं पावसाच्या देवाचं वर्णन आहे. इतकं साम्य शेजाऱ्याकडून उसनं घेऊन येत नाही. भाषा एक, काव्य एक, देवांबद्दल बोलायची रीत एक. इस्राएलची ती खेडी खणली की भांडी, घरांची बांधणी, अक्षरं या सगळ्याची नाळ कनानशी जुळते.

आणि याहवे? उगारितच्या देवमंडळात तो नाही. कनानमध्ये त्या आधीच्या काळात त्याच्या पूजेची खूण मिळत नाही. बायबलमधल्या अतिशय जुन्या समजल्या जाणाऱ्या कवितांमध्ये (शास्ते, अनुवाद आणि हबक्कूक या पुस्तकांचे अनुक्रमे ५वा, ३३वा आणि ३रा अध्याय) तो दक्षिणेकडून चालत येतो: सेईरहून, पारान डोंगराहून, तेमानहून. इजिप्तच्या इ.स.पू. चौदाव्या शतकातल्या एका मंदिरात, नूबियातल्या सोलेब इथे, शासू नावाच्या भटक्या लोकांच्या प्रदेशांच्या यादीत ‘याहू’सारखं एक नाव कोरलेलं आहे. त्यावरून बरेच अभ्यासक असं मानतात की याहवे दक्षिणेच्या वाळवंटी पट्ट्यातून वर आला. मलाही ते पटतं. म्हणजे बाहेरून आलेला कोणी असेल तर तो याहवेच, आणि बआल, अशेरा, एल हे जुने रहिवासी. काळाच्या ओघात एल आणि याहवे एकच मानले गेले. निर्गमाच्या सहाव्या अध्यायात देव मोशेला सांगतो, ‘अब्राहाम, इसहाक, याकोब यांना मी एल शद्दाय म्हणून दर्शन दिलं, पण याहवे या नावाने मी त्यांना कळलो नव्हतो.’ दोन परंपरा जोडल्याची ही कबुली लेखकाने लपवलेली नाही.

दुसरी खूण अनुवादाच्या ३२व्या अध्यायात आहे. परात्पराने राष्ट्रांना वतनं वाटली, तेव्हा त्यांच्या सीमा ‘इस्राएलपुत्रांच्या संख्येप्रमाणे’ ठरवल्या, असं प्रचलित हिब्रू प्रतीत आहे. मृत समुद्राजवळ सापडलेल्या गुंडाळ्यांतल्या एका तुकड्यात त्या जागी ‘देवपुत्रांच्या संख्येप्रमाणे’ आहे, आणि पुढे याहवेच्या वाट्याला त्याचे लोक, म्हणजे याकोब, आले असं म्हटलंय. अर्थ साधा आहे: प्रत्येक लोकाला एक देव, आणि आमचा याहवे. नंतरच्या नकलनविसाला हे अडचणीचं वाटलं असणार.

प्रत्येक लोकाला आपला देव, ही त्या काळातली सर्वमान्य समजूत होती आणि शेजारीही तसंच बोलत. याचा माझ्या मते सगळ्यांत मोलाचा पुरावा म्हणजे मृत समुद्राच्या पूर्वेकडच्या मवाब राज्याचा राजा मेशा याचा शिलालेख. तो १८६८ साली आजच्या जॉर्डनमधल्या धीबान इथे एका धर्मप्रचारकाला दाखवण्यात आला. पुढे खरेदीच्या भांडणात तो फोडला गेला, आणि आता त्याचे तुकडे जोडून लूव्र संग्रहालयात ठेवले आहेत. काळ इ.स.पू. ८४०च्या आसपास. मेशा म्हणतो की इस्राएलचा राजा अम्री याने मवाबला पुष्कळ दिवस छळलं, कारण कमोश देव आपल्या देशावर रागावला होता. पुढे कमोशचा राग गेला आणि तो मेशाला म्हणाला, ‘जा, इस्राएलाकडून नबो घे.’ मेशा रात्री निघाला, पहाटेपासून दुपारपर्यंत लढला, नबो घेतलं आणि तिथले ७००० लोक मारले, कारण त्याने ते गाव अश्तर-कमोशला वाहिलं होतं. शेवटी तो लिहितो: तिथून मी याहवेची भांडी घेतली आणि ती कमोशपुढे ओढत नेली.

हा मजकूर बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकाशेजारी, म्हणजे कनान जिंकल्याच्या कथांशेजारी ठेवा. देव रागावतो म्हणून पराभव होतो, देव आज्ञा देतो म्हणून लढाई होते, जिंकलेलं गाव माणसांसकट देवाला वाहिलं जातं. देवाचं नाव बदललं तर कित्येक ओळी कुणाच्या ग्रंथातल्या आहेत हे सांगता येणार नाही. आणि याच युद्धाची इस्राएलची बाजू बायबलच्या ‘२ राजे’ या पुस्तकाच्या अध्याय ३ मध्ये आहे. वेढा पडलेला मेशा आपल्या थोरल्या मुलाचा तटावर होम करतो, आणि ‘इस्राएलावर मोठा कोप झाला’ म्हणून सैन्य माघारी जातं. कोप कुणाचा, हे लेखक सांगत नाही. मवाबच्या भूमीवर कमोशची सत्ता चालते, ही समजूत त्या वाक्यात तशीच शिल्लक राहिली आहे. शास्ते ११मध्ये इफ्ताह अम्मोन्यांच्या राजाला सरळ म्हणतो, ‘तुझा देव कमोश तुला देईल ते तू घे, आमचा देव आम्हाला देईल ते आम्ही घेऊ.’ आणि अरामी सेनापती नामान कुष्ठ बरा झाल्यावर दोन खेचरांवर मावेल इतकी इस्राएलची माती मागून घेतो, कारण दमास्कसमध्ये याहवेची पूजा करायची तर पायाखाली त्याची जमीन हवी. आपल्या राजाबरोबर रिम्मोनच्या देवळात वाकावं लागेल, त्याची क्षमा असावी, असंही तो मागतो. संदेष्टा अलीशा त्याला म्हणतो, ‘शांतीने जा.’

आता बआलकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त शिव्या त्यालाच पडल्या आहेत. ‘बआल’ म्हणजे धनी, मालक. सुरुवातीच्या काळात हे बिरुद याहवेलाही लावत असावेत. शौल राजाच्या मुलाचं नाव एशबआल, योनाथानाच्या मुलाचं मरीबबआल, गिदोनाचं दुसरं नाव यरुब्बाल. हे सगळे याहवेचे भक्त. नंतर शमुवेलाच्या पुस्तकात ही नावं बदलून ‘इश्बोशेथ’, ‘मफीबोशेथ’ अशी केली गेली. ‘बोशेथ’ म्हणजे लाज. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात मात्र जुनी नावं तशीच राहिली. खिर्बेत कियाफा इथल्या, इ.स.पू. १०००च्या सुमाराच्या एका रांजणावर ‘एशबआल’ हेच नाव भाजण्यापूर्वी कोरलेलं सापडलं आणि २०१५मध्ये ते प्रसिद्ध झालं. तो शौलाचा मुलगा नव्हे, दुसरा कोणी, पण अशी नावं तेव्हा सरळ ठेवली जात हे कळतं. पुढे इस्राएल लोकांची दोन राज्यं झाली, उत्तरेला इस्राएल आणि दक्षिणेला यहूदा. उत्तरेची राजधानी शोमरोन. तिथे १९१० साली मिळालेल्या खापऱ्यांवर द्राक्षारस आणि तेलाच्या आवकीच्या नोंदी आहेत, इ.स.पू. आठव्या शतकातल्या. त्यांत बआलवरून ठेवलेली नावं आणि याहवेवरून ठेवलेली नावं शेजारी शेजारी येतात. होशेय संदेष्टा त्याच शतकातला. तो लोकांना सांगतो की यापुढे देवाला ‘माझा बआल’ म्हणू नका. लोक तसं म्हणत होते म्हणूनच हे सांगावं लागलं.

खरोखर बाहेरून आणलेला बआल एकच ठळक आहे, आणि तो राजकारणातून आला. अहाब राजाने सीदोन्यांच्या राजाची मुलगी ईजबेल केली, तिच्याबरोबर फिनिशियाच्या किनाऱ्यावरचा बआल शोमरोनमध्ये आला, त्याचं मंदिर झालं. विवाहसंबंध म्हणजे तह, आणि तहात पाहुण्यांच्या देवाला जागा द्यावी लागते. शलमोन राजाने परदेशी बायकांसाठी कमोश, मिलकोम, अश्तोरेथ या शेजारच्या देवतांची स्थानं बांधली तीही याच जातीची. पण अहाबाला याहवेचा शत्रू समजण्याआधी त्याच्या मुलांची नावं बघा: अहज्या, यहोराम. दोन्हींत याहवेचं नाव आहे. त्या घराण्यातली राजकन्या अथल्या, तिच्याही नावात आहे. ज्याला याहवे नकोसा झालाय तो बाप पोरांची अशी नावं ठेवत नाही.

याच अहाबापुढे उभा राहिला तो संदेष्टा एलीया. कर्मेल डोंगरावर बआलच्या ४५० संदेष्ट्यांशी त्याचा सामना झाला. पाऊस कोण पाडतो हा मूळ वाद होता, कारण तीन वर्षांचा दुष्काळ पडला होता आणि पाऊस हे बआलचं खातं. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल समाजाचा एलियाहू हनाबी तो हाच. नवस फेडताना पोहे, नारळ, साखर आणि फळांचा मलिदा करून त्याचं नाव घेतात, आणि अलिबाग परिसरात तो येऊन गेल्याची जागाही दाखवतात. ज्याने एका देवासाठी सगळ्या राजवाड्याशी वैर घेतलं, त्याची आठवण इतक्या दूरवर इतक्या मायेने जपली गेली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

कर्मेलच्या गोष्टीत एक बारकावा आहे. एलीया बआलच्या ४५० संदेष्ट्यांबरोबर अशेराच्या ४०० संदेष्ट्यांनाही बोलावतो. शेवटी मारले जातात ते फक्त बआलचे. पुढे इ.स.पू. ८४१च्या सुमारास सेनापती येहू बंड करून गादी घेतो, ईजबेलला मारतो, बआलचं मंदिर पाडून त्या जागी शौचकूप करतो. याहवेसाठी आपली ईर्ष्या केवढी, हे तो अभिमानाने दाखवतो. आणि त्याच्याच मुलाच्या काळात २ राजे १३:६ सांगतं की शोमरोनमध्ये अशेरा उभीच होती. बआलच्या विटेवर वीट न ठेवणाऱ्याने तिला हात लावला नाही. यातून मी एकच अर्थ काढतो: त्या काळच्या कडव्यातल्या कडव्या याहवेभक्तालाही अशेरा परकी वाटत नव्हती.

तुमचा दुसरा प्रश्न याला लागूनच आहे. सिनायच्या ईशान्य भागात कुंतिल्लेत अज्रुद नावाची वाळवंटातली मुक्कामाची जागा आहे. तिथे १९७५-७६मध्ये झीव मेशेल यांनी उत्खनन केलं. इ.स.पू. ८००च्या आसपासचे दोन भलेमोठे रांजण मिळाले, अंगावर चित्रं आणि शाईने लिहिलेला मजकूर. एकावर आहे, ‘शोमरोनच्या याहवेच्या आणि त्याच्या अशेराच्या नावे मी तुम्हाला आशीर्वाद देतो’. दुसऱ्यावर तेमानच्या याहवेचं नाव, पुन्हा अशेरासह. त्याआधी १९६७मध्ये हेब्रोनच्या पश्चिमेला खिर्बेत अल-कोम इथल्या एका थडग्यात उरियाहू नावाच्या माणसाचा लेख मिळाला होता: याहवेचा आशीर्वाद, ‘त्याच्या अशेराने’ शत्रूंपासून सोडवलं. अक्षरांखाली माणसाचा हाताचा पंजा कोरला आहे, बोटं खाली. शोमरोन उत्तरेचं, हेब्रोन दक्षिणेचं, अज्रुद वाळवंटातलं. एखाद्या गावातला विक्षिप्त प्रकार म्हणून हे झटकता येत नाही.

पण ‘देवाची बायको सापडली’ असे मथळे वाचून लगेच निष्कर्ष काढू नका. हिब्रूत माणसाच्या किंवा देवाच्या नावाला ‘त्याची’ हा प्रत्यय सहसा लागत नाही. ‘त्याची अशेरा’ म्हणजे देवळात वेदीशेजारी रोवलेला पवित्र खांब किंवा झाड, असं म्हणणारे अभ्यासक बरेच आहेत आणि त्यांचा मुद्दा भाषेच्या दृष्टीने बळकट आहे. शिवाय त्या रांजणावरच्या बेस या इजिप्शियन देवासारख्या दोन आकृती म्हणजे याहवे आणि अशेरा, असं जे सांगितलं जातं, तेही खात्रीचं नाही. चित्रं आणि अक्षरं वेगवेगळ्या हातांची असावीत. माझं मत असं: खांब मानला तरी तो कुणाचा तरी खांब होता. उगारितच्या देवीचं नाव त्याला उगाच पडलेलं नाही, आणि मनश्शे राजाने अशेराची कोरीव मूर्ती मंदिरात ठेवली असं २ राजे २१ सांगतं. पुढे योशीया राजाच्या वेळी तिच्यासाठी वस्त्रं विणणाऱ्या बायकांच्या खोल्या मंदिराच्या आवारात होत्या. खांबाला वस्त्रं विणत असतील तर तिथे कोणीतरी आहे असं मानूनच विणत होत्या.

घराघरांत काय चालत होतं तेही मातीतून कळतं. यहूदाच्या राज्यात, इ.स.पू. आठव्या-सातव्या शतकांत, खांबासारखं बूड असलेल्या स्त्रीच्या छोट्या मृण्मूर्ती मोठ्या संख्येने मिळतात, हाताने स्तन धरलेल्या. यरुशलेममध्ये मंदिरापासून हाकेच्या अंतरावरच्या घरांतही त्या आहेत. त्या अशेराच्या की केवळ बाळंतपण आणि दूध यांच्या रक्षणासाठी, हे ठामपणे सांगता येत नाही. घरातल्या बाईला मात्र त्यांची गरज वाटत होती.

आणि यहूदाच्या दक्षिण सीमेवरचा अरादचा किल्ला तर प्रत्येकाने बघावा असा. योहानन अहारोनी यांनी १९६०च्या दशकात तो खणला, आणि आत, राजाच्या लष्करी ठाण्यात, एक छोटं मंदिर निघालं. सगळ्यात आतल्या गाभाऱ्यात उभी शिळा, आणि पायरीवर चुनखडीच्या दोन धूपवेद्या, एक सुमारे ५२ सेंटिमीटर उंच, दुसरी ४०. दोन्ही कुणीतरी काळजीपूर्वक आडव्या करून मातीखाली झाकल्या होत्या, फोडल्या नव्हत्या. २०२०मध्ये त्यांच्या माथ्यावरच्या काळ्या थराचं रासायनिक विश्लेषण प्रसिद्ध झालं. मोठ्या वेदीवर अरबस्तानातून येणारा धूप, सालईच्या जातीतल्या झाडाचा डिंक, जनावराच्या चरबीत मिसळून जाळलेला. लहान वेदीवर गांजा, मंद जळावा म्हणून शेणात कालवलेला. इथल्याच एका खापरीवर ‘याहवेच्या घरा’चा उल्लेख आहे. इथे राजाची शिबंदी होती, म्हणजे ही चोरून केलेली पूजा नव्हती. यरुशलेमपासून सात किलोमीटरांच्या आत, मोत्सा इथेही २०१२मध्ये त्याच काळातलं मंदिर निघालं. बायबलमधला ‘एकच मंदिर’ हा नियम तेव्हा कुणाला ठाऊक नव्हता, किंवा पाळायचा नव्हता.

मग बदललं काय? इ.स.पू. ७२२मध्ये अश्शूरने शोमरोन घेतलं, उत्तरेचं राज्य संपलं. होशेयाच्या परंपरेतली माणसं आणि त्यांचे ग्रंथ दक्षिणेत आले असावेत, आणि ‘आपण याहवेशी बेइमान झालो म्हणून बुडालो’ हा विचार घेऊन आले. यहूदाच्या हिज्कीया राजाने उच्चस्थानं, म्हणजे गावोगावची पूजास्थानं, काढली, मोशेची म्हणून पूजली जाणारी पितळी सापाची मूर्ती नेहुश्तान फोडली. बैरशेबा इथे मोडून कोठाराच्या भिंतीत बसवलेल्या वेदीचे दगड मिळाले आहेत, त्यातल्या एकावर साप कोरलेला आहे. त्याचा संबंध थेट हिज्कीयाशी लावायचा की नाही, यावर वाद आहे. मी तो लावतो, पण हात राखून.

खरा कायापालट झाला तो अश्शूरच्या छायेत. इ.स.पू. ६७२मध्ये सम्राट एसरहद्दोन याने मांडलिकांकडून वारसाबद्दल शपथा घेतल्या. त्या करारपाट्या निमरूदला मिळाल्या, पुढे २००९मध्ये तुर्कस्तानात तेल तायनात इथेही एक मिळाली. त्यात मांडलिकाला बजावलंय: माझ्या वारसावर स्वतःसारखं प्रेम करा. त्याच्याविरुद्ध वाईट शब्द तुझ्या भावाच्या, मुलाच्या, मुलीच्या किंवा संदेष्ट्याच्या तोंडून ऐकलास तर लपवू नकोस. आता अनुवादाचा १३वा अध्याय उघडा. तुझा भाऊ, मुलगा, मुलगी, बायको, जिवलग मित्र गुपचूप म्हणाला की चल, दुसऱ्या देवांची सेवा करू, तर त्याला झाकू नकोस. संदेष्टा म्हणाला तरी ऐकू नकोस. २८व्या अध्यायातल्या शापांमध्येही असंच साम्य आहे. यहूदाच्या लेखकांनी सम्राटाला द्यायची निष्ठा उचलून देवाला दिली. माझ्या लेखी ही अतिशय धाडसी गोष्ट आहे. जगातल्या सर्वांत बलाढ्य राजाच्या शपथपत्राचा साचा घेऊन एका छोट्या राज्याने सांगितलं की आमचा धनी दुसराच आहे. एकदा देवाशी नातं असं झालं की दुसऱ्या देवापुढे दिवा लावणं हा फितुरीचा गुन्हा होतो. बायबलमध्ये परक्या देवांबद्दलची भाषा इतकी का पेटलेली आहे, ते इथून समजतं.

इ.स.पू. ६२२मध्ये योशीयाने साफसफाई केली. २ राजे २३ सावकाश वाचा. अशेरा मंदिरातून काढून किद्रोनच्या ओढ्याकाठी जाळली आणि तिची राख केली, सूर्याचे घोडे दारातून हटवले, छतावरच्या वेद्या पाडल्या, हिन्नोमच्या खोऱ्यातलं मुलं होमायचं ठिकाण विटाळलं, आणि शलमोनाने बांधलेली कमोश व मिलकोम यांची स्थानंही तेव्हाच मोडली. ग्रंथाचा हिशेब धरला तर ती यरुशलेमच्या समोरच्या टेकडीवर तीनेकशे वर्षं उभी होती. एवढा काळ जे राजाच्या डोळ्यांदेखत उभं असतं, ते त्या राज्याच्या धर्माचा भागच असतं.

तरी लोकांनी ते मानलं का? यिर्मयाचा ४४वा अध्याय हे त्याचं उत्तर आहे आणि जुन्या करारातली ती मला सर्वांत प्रामाणिक पानं वाटतात. यरुशलेम इ.स.पू. ५८६मध्ये बाबेलच्या हाती पडलं, जीव वाचवून काही लोक इजिप्तला गेले. यिर्मया त्यांना म्हणतो, तुमच्या मूर्तिपूजेमुळेच हे झालं. बायका तोंडावर सांगतात: आम्ही तुझं ऐकणार नाही. आमचे बापजादे, राजे, सरदार यहूदाच्या नगरांत स्वर्गाच्या राणीला धूप जाळत होते, तेव्हा पोटभर भाकर होती, कसलंही अरिष्ट नव्हतं. ते बंद केलं तेव्हापासून तलवार आणि दुष्काळ यांनीच आमचा नाश केलाय. आणि तिच्या आकाराच्या पोळ्या आम्ही काय नवऱ्यांना न सांगता करत होतो? सातव्या अध्यायात याच पूजेचं चित्र आहे: पोरं लाकडं गोळा करतात, बाप विस्तव पेटवतो, आई कणीक मळते. सगळं घर राबतंय. योशीयाने पूजा बंद केली आणि तेरा वर्षांत तोच लढाईत मारला गेला, मग हद्दपारी, मग विनाश. त्या बायकांचा हिशेब काळाच्या क्रमाने चुकीचा नव्हता. यिर्मया आणि त्या, दोघंही एकाच रीतीने विचार करत होते की देव रूसला म्हणून घर बुडालं. कोणता देव, एवढाच वाद होता. ज्यांचा पक्ष हरला त्यांचं म्हणणं जिंकणाऱ्यांनी इतकं तपशिलाने लिहून ठेवलं, याबद्दल मी त्या लेखकांचा ऋणी आहे. बायबल म्हणजे निव्वळ प्रचार, असं म्हणणाऱ्यांनी हा अध्याय वाचलेला नसतो.

तिसरा प्रश्न: ‘दुसरा देवच नाही’ कधी? योशीयापर्यंतची मागणी होती ती दुसऱ्याला भजू नका, एवढीच. दुसरे आहेत हे गृहीत होतं. ते नाहीतच, हे स्वच्छ शब्दांत येतं ते बाबेलच्या बंदिवासात, यशयाच्या पुस्तकाच्या ४०व्या अध्यायापासून पुढच्या भागात, इ.स.पू. ५४०च्या सुमारास. इराणच्या कोरेश राजाचं नावही त्यात आहे. ‘मीच आहे, माझ्याखेरीज दुसरा देव नाही.’ मंदिर जळालं, देश गेला, राजा कैदेत. मेशाच्या हिशेबाने याहवे हरला होता आणि बाबेलचा मर्दूक जिंकला होता. त्या संदेष्ट्याने उलटा निकाल दिला: बाबेलला आणणारा आणि बाबेलला पाडणारा एकच, मर्दूक म्हणजे थकल्या जनावरावर लादलेलं ओझं. जुन्या हिशेबात हरलेल्या देवाला जागा नव्हती. नव्या हिशेबात हरणंच त्याच्या हातचं झालं.

हद्दपारीनंतर मात्र सगळे एकदम एकेश्वरवादी झाले असं समजू नका. नाईलमधल्या एलिफंटाइन बेटावर इ.स.पू. पाचव्या शतकात इराणी सैन्यात यहूदी शिबंदी होती. त्यांचे अरामी कागद मिळाले आहेत. त्यांचं स्वतःचं याहूचं (हे याहवेचंच छोटं रूप) मंदिर होतं, तिथे पशुबळी दिले जात. ४१०मध्ये ख्नूम देवाच्या पुजाऱ्यांच्या चिथावणीने ते पाडलं गेलं. त्यांनी यरुशलेमच्या महायाजकाला मदतीसाठी लिहिलं, उत्तर आलं नाही. ४०७मध्ये यहूदाचा सुभेदार बागोही याला पुन्हा लिहिलं, आणि शेवटी मंदिर बांधून तिथे धान्यार्पण व धूप यांची परवानगी मिळाली. पशुबळीचा त्यात उल्लेख नाही. त्याच वसाहतीतल्या एका वर्गणीच्या यादीत माणशी २ शेकेल जमवलेले आहेत, आणि तळाशी वाटणी आहे: याहूसाठी १२६ शेकेल, एशेम-बेथेल देवासाठी ७०, अनत-बेथेल देवीसाठी १२०. दुसऱ्या एका कागदात ‘अनत-याहू’ची शपथ घेतली आहे. हे लोक स्वतःला यहूदीच म्हणवत, वल्हांडणाचा सण पाळत, आणि कुणा परक्या देवामागे गेलोय असं त्यांच्या लिखाणात कुठेही दिसत नाही. आजोबा-पणजोबांनी यहूदातून आणलेला जुना धर्म ते चालवत होते. यरुशलेमच्या याजकांनी मौन पाळलं त्याची कारणं माझ्या मते दोन. त्यांच्या लेखी मंदिर एकच, ते यरुशलेमचं. आणि अशा पूजेला आपली म्हणायची त्यांची तयारी तोवर संपली होती.